सुदामकाका, त्या चार मात्रांबद्दल

सुदामकाका, तुमच्या तेरवीला तुमच्या दुकानातला स्पीकरचा एकही बॉक्स वाजला नाही. केशोरीत ज्या घरी मंडप पडला त्या घरी तुमचे बॉक्स पोचले, आणि तुमच्याच दारातला मंडप मुका होता. पंगत बसली होती, वाढपी फिरत होते, आणि वरणाच्या बादलीच्या खडखडाटात माझ्या मागच्या ओळीतून कोणीतरी विचारलं, "लाइन गेली का जी?"

लाइन होती. डोक्यावर पंखा फिरत होता. त्या माणसानं पंख्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा जेवायला लागला. मला हसू आलं. मग तुमचा राग आला, कारण आपण वर्षभर ज्यावरून भांडलो तो वाद तुम्ही स्वतःच्या तेरवीच्या पंगतीत जिंकून गेलात, आणि मला उत्तर द्यायला जागा ठेवली नाही.

म्हणून हे लिहिते आहे.

वाद चार मात्रांचा होता. दिवाळीनंतर आपल्या भागात गावोगावी मंडई भरते. दुकानं, पाळणे, दंडार नाचणारी पथकं, आणि या सगळ्यांच्या वर बॉक्सचा आवाज. गेल्या वर्षीच्या मंडईसाठी आपण दोघांनी आठ मिनिटांचं एक वादन बांधलं होतं. कीबोर्ड तुमचा, कॉम्प्युटरवरचे ठोके आणि आवाज माझे. पाचव्या मिनिटाला सगळं एकदम थांबवायचं, चार मात्रा काहीही वाजू द्यायचं नाही आणि मग सगळं एकत्र परत आणायचं, असं माझं म्हणणं होतं. घड्याळात मोजली तर दोन सेकंदांची गोष्ट. तुम्ही म्हणायचात, "शहरात आवाज बंद झाला तं लोक म्हनतात, वा. इथं आवाज बंद झाला तं लोक वायरकडे पायतात."

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती शिकायला नाही, मिरवायला. गोंदियाला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. होस्टेलमध्ये मैत्रिणीच्या जुन्या लॅपटॉपवर, व्हिडिओ पाहून पाहून, संगीत तयार करायला लागले होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. त्यामुळे मी जे करत होते ते बरोबर की चूक, हे सांगणारं कोणी नव्हतं, आणि कोणी सांगत नाही म्हणजे बरोबरच असणार अशी माझी समजूत होती. सुट्टीत घरी आले, पेनड्राइव्ह घेतला आणि तुमच्या दुकानात शिरले. तुम्ही उघड्या पडलेल्या मशीनवर वाकला होतात. अँप्लिफायरला आपल्याकडे मशीनच म्हणतात, आणि गावातली सगळी आजारी मशीनं तुमच्याकडेच येत.

"काका, हे मोठ्या बॉक्सवर लावून पाहता का?"

तुम्ही लावलंत. हेडफोनमध्ये ज्या बेसनं माझी छाती हलत होती तो बॉक्समधून आलाच नाही. बॉक्सचं कापड तेवढं थरथरत होतं. वरची बारीक टिकटिक मात्र रस्त्यापर्यंत जात होती. तुम्ही पूर्ण चार मिनिटं ऐकलंत, मध्ये बंद केलं नाहीत. नंतर हातातलं डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवलं आणि म्हणालात, "बाई, मुंग्या चालून राहिल्या. हत्ती कुठं आहे?"

"हेडफोनमध्ये आहे, काका."

"मंग मंडईत तू किती हेडफोन वाटशील?"

मी रडवेली झाले होते. तुम्ही माझ्याकडे न पाहता एक फाटका स्पीकर उचललात, त्याचा कागदाचा पडदा बोटानं दाबून दाखवलात. हा कागद एका हद्दीच्या खाली वाजत नाही, नुसता हलतो; हलतो म्हणजे मशीनची ताकद खातो आणि तापतो; तापला की जळतो. तुम्हाला आकडे माहीत होते, पण तुम्ही आकडे सांगितले नाहीत, बोट ठेवायला लावलंत. त्याच संध्याकाळी मी बेसची सुरावट एक सप्तक वर नेली, तिच्यात थोडी खरखर मिसळली आणि अगदी तळाचं, जे आपले बॉक्स वाजवूच शकत नाहीत, ते कापून टाकलं. दुसऱ्या दिवशी हत्ती आला. नंतर कळलं की हेच मोठ्या स्टुडिओतले लोकही करतात, आणि त्यासाठी लांबलचक नावं आहेत. आज मला कोणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी हेच सांगते. आपलं गाणं ज्या बॉक्सवर वाजणार आहे तो बॉक्स आधी हातानं चाचपून ये.

तुमची परीक्षा घ्यायची रीत तर मी कुठल्याच व्हिडिओत पाहिली नाही. बॉक्स दुकानामागच्या शेताच्या धुऱ्यावर ठेवायचा, गाणं लावायचं, आणि मला कागद-पेन देऊन दूर तलावाच्या पाळीवर धाडायचं. "काय आलं ते तू लिही. काय नाई आलं ते मी लिहितो." धानाच्या बांध्यांमधून चालत मी पाळीवर जायचे आणि उभी राहायचे. जवळून जे झगमगत होतं ते तिथे पोचायचंच नाही. पोचायचा ठोका, बेसची खरखर, तुमच्या कीबोर्डची मधली सुरावट, बस. मग परत येऊन आपण कागद जुळवायचो. माझे सोळा आवाज आणि पाळीवर पोचलेले चार, हे पाहून पहिल्यांदा मला वाटलं तुमचे बॉक्स खराब आहेत. तुम्ही म्हणालात, "बॉक्स खराब नाई. बारा पाहुने फुकटचे बलावले तू."

ते बारा मी एकेक करून काढले आणि गाणं मोठं झालं. आवाज वाढवला नव्हता, तरी मोठं झालं. हे गणित मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

आणि उभं धान आवाज खातं, हे तुमच्याशिवाय कोणाला सुचलं असतं? मंडईच्या दिवसांत लवकर येणारं हलकं धान कापून झालेलं असतं, उशिराचं भारी धान उभं असतं. म्हणजे एका बाजूला आवाज मोकळा पळतो आणि दुसऱ्या बाजूला बांध्यांत मुरतो. तुम्ही बॉक्सची तोंडं त्याप्रमाणे फिरवायचात. मी हसले होते तेव्हा. मग तुम्ही मला आधी एका बाजूला आणि नंतर दुसऱ्या बाजूला चालवलंत, आणि मी कागदावर जे लिहिलं ते पाहून माझं हसू थांबलं.

सगळंच तुमचं बरोबर होतं असं मात्र मी लिहिणार नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं. गोंदियाहून मी परत आले तेव्हा डोक्यात भरून आले होते की आपल्या मातीतले आवाज घ्यायचे. मोबाइलवर मळणीयंत्र टिपलं, सुपात पाखडलेल्या धानाचा आवाज टिपला, आणि फार अभिमानानं तुम्हाला ऐकवलं.

"हे का आहे?"

"धान पाखडण्याचा आवाज आहे, काका."

"ते तं बाहेर बी चालून राहिलं. तुही काकू अंगनात बसली आहे. गाना कुठं आहे?"

मी चिडून म्हणाले की बाहेरच्या लोकांना हे नवीन वाटेल. तुम्ही म्हणालात, "मंग बाहेरच्या लोकाइले ऐकव. मले कायले?" तेव्हा फार लागलं होतं. पण मी ते आवाज टाकले नाहीत. पाखडण्याचा आवाज तुकडे करून, आखूड करून, ठोक्याच्या मध्ये बसवला, इतका की तो धानाचा आहे हे कोणाला कळू नये. महिन्याभरानं ते ऐकताना तुम्ही विचारलंत, "हा खुळखुळा कुठला? दूर जाते हा." मी सांगितलं नाही. काका, ते तेच सूप होतं. हा एक वाद मी जिंकले होते आणि तुम्हाला पत्ता लागू दिला नव्हता. आता सांगून टाकते.

ठोका आणि बेस एकाच वेळी आले की तुम्ही म्हणायचात, दोघं एकाच दारातून घुसून राहिले. मग ठोका आला की मिक्सरवरची बेसची खटकी बोटानं किंचित खाली, ठोका गेला की वर. गाणंभर हे तुम्ही हातानं करायचात, समोर कोण आलं, कोण गेलं, काय विचारलं, सगळं बघत बघत. कॉम्प्युटर हे आपोआप करतो, हे दाखवलं तेव्हा तुम्ही बराच वेळ पडद्याकडे बघत राहिलात. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. तुम्ही म्हणालात, "चला, एक बोट सुटलं. आता त्या बोटानं का करू?" आणि त्या दिवसापासून तुम्ही उजव्या हातानं वाजवताना डाव्या हाताच्या त्या मोकळ्या बोटानं सूर वाकवायला लागलात. यंत्रानं काम काढून घेतलं म्हणून कुरकुर करणारे मी पुष्कळ पाहिले. सुटलेल्या बोटाला नवीन काम देणारे तुम्हीच.

माझे बाबा म्हणायचे, "शिकली, ग्रॅज्युएट झाली, अना बाजा वाजवते." तुम्ही त्यांना दुकानात बसवून चहा पाजलात आणि माझं गाणं अगदी हळू, शेजारी बोलता येईल इतक्या आवाजात लावलंत. बाबा बोलता बोलता थांबून ऐकायला लागले. ते गेल्यावर तुम्ही मला म्हणालात की जे हळू आवाजात चांगलं नाही ते मोठ्या आवाजात फक्त मोठं होतं. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे. अजूनही मी आधी आवाज कमी करते आणि मगच काही बदलते. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की त्यानंतर बाबांनी बाजा हा शब्द वापरला नाही. यासाठी मी तुमचे आभार मानले नव्हते. मला वाटलं होतं तुम्हाला समजतं. समजत असेलही, पण मानायला हवे होते.

आता गेल्या वर्षीची गोष्ट.

मंडईच्या आदल्या दिवशी तुम्ही हात झटकून म्हणालात, "तुह्या मनानं कर. मले विचारू नको." मी चार मात्रा ठेवल्या, कोऱ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेचं मैदान भरलं. मी लॅपटॉप घेऊन बॉक्सपाशी उभी राहिले तेव्हाच एकानं तुम्हाला विचारलं होतं, "पोरीले उभी करून राहिला का मशीनवर?" तुम्ही म्हणालात, "मशीन तिचं ऐकते. तू आपलं पाय."

वादन सुरू झालं. लोक वळले, पाळण्याच्या रांगेतले पोट्टे नाचायला लागले. पाचवं मिनिट आलं आणि मी थांबवलं.

पहिल्या मात्रेला कोणीतरी ओरडलं, "लाइन गेली!" दुसऱ्या मात्रेला ते मैदानभर झालं. तिसऱ्या मात्रेला भुरानं खटका ओढला. भुरा म्हणजे आपला जनरेटरवाला. मंडईभर तो जनरेटर गुरगुरता ठेवतो, आणि लोकांच्या तोंडचं 'गेली' पुरं व्हायच्या आत आपण लाइन देतो याचा त्याला अभिमान आहे. लाइन गेली नव्हती. खटका ओढून ती त्यानं घालवली आणि जनरेटरवर परत आणली. लॅपटॉप बॅटरीवर होता, तो चालतच राहिला. मशीनं बंद पडून पुन्हा चालू झाली ती नेमकी माझ्या परत येणाऱ्या ठोक्यावर, भरल्या आवाजात. धप्प झालं. त्यानंतर जळक्या वार्निशचा वास आला. बेसच्या दोन बॉक्सच्या कॉइल गेल्या.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला शेजारच्या गावाचे बॉक्स होते. गर्दी उठून तिकडे गेली. मंडईच्या समितीचे डोमाजीमामा तरातरा आपल्याकडे आले.

"का झालं रे सुदाम?"

मी तोंड उघडायच्या आधी तुम्ही म्हणालात, "माह्या हातानं बटन दबलं."

"तुह्या हातानं?"

"हव. बुढा झालो आता."

तुमचा आवाज मंडईत कधी बंद पडला नव्हता. गावात तुमची दुसरी कुठली इस्टेट नव्हती, ही एवढीच होती, आणि ती तुम्ही एका वाक्यात देऊन टाकलीत. मी लॅपटॉप छातीशी धरून उभी राहिले आणि गप्प बसले. मला माहीत होतं की त्या क्षणी खरं सांगितलं तर पुन्हा कधी मला बॉक्सपाशी उभं राहू देणार नाहीत. तुम्हालाही ते माहीत होतं. मग वर्षभर स्टँडवर, किराण्याच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात लोक तुम्हाला विचारत राहिले, "का सुदाम, बटन सापडलं का?" आणि तुम्ही म्हणत राहिलात, "शोधून राहिलो." मी शेजारी उभी असायचे. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बोलावं. प्रत्येक वेळी नाही बोलले.

त्या दोन्ही कॉइल आपण दुकानात पुन्हा गुंडाळल्या. तुम्ही गुंडाळत होतात, मी तांब्याची तार ताणून धरली होती. वेढे मोजताना बोलायचं नाही हा तुमचा नियम. त्या गप्प तासाभरात मी माफीचं वाक्य तयार केलं, पुन्हा पुन्हा घोटलं. शेवटचा वेढा झाला, तुम्ही तार कापलीत आणि माझ्या आधी बोललात.

"तुही शांतता वाईट नवती, बाई. उघडी होती. तिच्यावर कायतरी घाल."

"घातलं तर ती शांतता कुठे राहिली?"

"टिपरी ठेव एक. बारीक. म्हंजे लोकाइले समजन का मशीन चालू आहे."

"मग लोक टिपरीच ऐकतील."

"तं ऐकू दे ना."

झालं. भांडण सुरू झालं आणि माफी राहून गेली. भांडणाच्या मध्ये माफी मागता येत नाही, आणि आपलं भांडण मग थांबलंच नाही. यंदाच्या मंडईसाठी तेच वादन पुन्हा बसवायचं हे मात्र दोघांनाही न बोलता मान्य होतं. तुम्ही टिपरीवर आलात, मग दोन मात्रांवर आलात. मी चार कोऱ्या मात्रांवरून हलले नाही. खरं सांगायचं तर तुमची युक्ती चांगली आहे. शांततेत एक बारीक आवाज सोडला की ऐकणाऱ्याचा हात सुटत नाही. मी बाहेरच्या गाण्यांची कामं करते त्यांत ती अनेकदा वापरली, आणि ती तुमची आहे हे कोणाला सांगितलं नाही. पण या वादनात ती नको होती. कुठलीही युक्ती चांगली आहे म्हणून सगळीकडे घालायची नसते, हेही तुमच्याकडूनच शिकले होते.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. तुम्ही विचारलंत, "चारच पायजे का तुले?"

"चारच."

"काऊन पन?"

मी म्हणाले, "दोन मात्रांत माणूस वाट पाहतो. चार मात्रांत त्याला ते गाणं हवंसं व्हायला लागतं."

तुम्ही म्हणालात, "जेवाले बसून राहिलो. ठेव." आठ दिवसांनी तुम्ही गेलात. छातीत कळ आली असं लोक म्हणाले, आणि दुकानाचं शटर अर्धंच उघडलं होतं.

तेरवी झाल्यावर कमलकाकूंनी मला दुकानाची किल्ली दिली. त्या फार बोलत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. किल्ली देताना म्हणाल्या, "तुह्यासंगं फोनवर बोलून झाले अना ताटावर बोट वाजवत बसले. वाजवे, थांबे. वाजवे, थांबे. मंग मले म्हनते, लंबं वाटलं का तुले?"

"तुम्ही काय म्हणालात, काकू?"

"मी म्हनलं, भात थंडा होऊन राहिला, जेवा पयले."

मी पुष्कळ वेळ त्या ताटाचा विचार केला. तुम्ही पटवून घेत होतात, की मला खोडून काढायची तयारी करत होतात, ते मला कधी कळणार नाही. पण तुम्ही मोजून पाहिलंत. माझी गोष्ट तुम्ही स्वतःच्या बोटानं वाजवून पाहिलीत. एवढं मला पुरतं.

काल मंडईच्या समितीची बैठक झाली, शाळेच्या व्हरांड्यात. डोमाजीमामा म्हणाले की सुदाम नाही, तर यंदा बाहेरून डीजे आणू. दोघातिघांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले. आवाज बरा निघाला. म्हणाले, "मामा, गेल्या वर्षी काकांच्या हातून काही दाबलं गेलं नव्हतं. गाण्यात मीच आवाज थांबवला होता. मुद्दाम. काकांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

तेव्हा माझी नजर भुराकडे गेली. तो खांबाला टेकून बसला होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. काका, त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं तुम्ही ते खोटं फक्त माझ्यासाठी बोललात. पण बटण दाबलं गेलं नसेल आणि लाइनही गेली नसेल, तर बॉक्स जाळले कोणाच्या खटक्यानं? तुमच्या त्या एका वाक्याखाली मी आणि भुरा दोघं उभे होतो, आणि मला वर्षभर मीच दिसत होते. मी घाईनं म्हणाले, "भुराभाऊची चूक नाही. शांतता येणार आहे हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं."

भुरा म्हणाला, "मंग सांगाचं ना बाई. मी का जोतिषी आहो?"

आधी डोमाजीमामा हसले. मग सगळेच हसले, भुरा सोडून. तो खरंच विचारत होता. आणि त्याचं बरोबर होतं. वर्षभर आपण दोघं भांडलो, काका. मात्रा किती, टिपरी हवी की नको, शांतता उघडी की झाकलेली. दुकानापासून दहा पावलांवर भुराचं घर आहे. त्याला जाऊन सांगावं, हे आपल्या दोघांपैकी कोणालाही सुचलं नाही. ठोका कुठे, बेस कुठे, स्पीकरचा कागद कुठला, धान उभं की कापलेलं, एवढं सगळं आपण गाण्यात धरलं, आणि खटक्यावर हात ठेवून बसलेला माणूस धरला नाही. मी वहीत नवीन ओळ लिहिली आहे, की गाणं कॉम्प्युटरवर पूर्ण होत नाही. ते वाजवण्यासाठी जेवढे लोक लागतात तेवढ्यांना ते माहीत झालं की पूर्ण होतं. ही ओळ तुमची नाही. आपली म्हणू.

डोमाजीमामांनी विचारलं, "यंदा बी थांबवशील का?"

"थांबवीन. चार मात्रा."

"अना तेवढ्यात खरीच लाइन गेली तं?"

यावर भुरा पुढे सरकला. धंद्याची गोष्ट आली होती. "बाई, तू असं कर. थांबवाच्या टाइमले हात वर कर, चांगला वर, मले जनरेटरपासून दिसला पायजे. हात वर आहे तोवर मी खटक्याले शिवत नाई. हात खाली आला अना तरी आवाज नाई, तं मंग माहं काम."

"अना लोक ओरडतील तं?" कोणीतरी विचारलं.

"ओरडू दे ना बे," भुरा म्हणाला. "दोन सेकंदात का मरतात का?"

डोमाजीमामा म्हणाले, "बॉक्स सुदामचेच लावजो. तोंडं कुठं करतो ते मालूम आहे ना तुले?" मी म्हटलं, मालूम आहे.

आज सकाळी भुरा दुकानात आला आणि मी त्याला अख्खं वादन ऐकवलं, आठही मिनिटं. पाचव्या मिनिटाला तो श्वास धरून बसला. परत आलं तेव्हा म्हणाला, "बापा रे," आणि पुन्हा लावायला सांगितलं.

काका, तुमची टिपरी मी घातलेली नाही. या एका वादात मी तुमचं ऐकत नाही, आणि तुम्ही असतात तरी ऐकलं नसतं. कदाचित तुमचंच बरोबर ठरेल. पहिल्या मात्रेला कोणी ओरडेल, दुसरीला सगळे ओरडतील. ओरडू दे. भारी धानाच्या बाजूला मी दोन बॉक्स जास्तीचे लावले आहेत. चार मात्रा मी मोजून पाहिल्या आहेत, लांब वाटत नाहीत. आणि त्या वाजत नसतील तेव्हा भरल्या मैदानात एकच हात वर असेल, जनरेटरपासून दिसेल इतका वर, आणि तो कोणाचा आहे हे कोणाला विचारावं लागणार नाही.